लोकहितवादी कायदे-कौंसिलांत

बारामतीस लागून असलेल्या जळोचीसारख्या गांवीं राहणाऱ्या माणसास राजकारणी घराणें म्हणजे काय हें कोणी शिकवावें लागत नाहीं. कऱ्हेकांठचा नाइकांचा वाडा त्याच्या रोजच्या पाहण्यांतला असतो. बाबूजी नाईक जोशी बारामतीकर हे पेशव्यांचे सावकार आणि सोयरे. त्यांचे बंधु आबाजी नाईक यांस बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई दिलेली होती. थोरले बाजीराव १७४० मध्यें वारले तेव्हां रघूजी भोसल्यांचा पाठिंबा मिळवून बाबूजींनीं खुद्द पेशवाईच्या वस्त्रांसाठीं खटपट केली. ती फसली, आणि पुढें त्यांच्याच आश्रयास मोरोपंत राहिल्यामुळें आज नाइकांचें नांव निघालें म्हणजे लोकांस ती स्पर्धा आठवत नाहीं, आर्या आठवतात. राजकारणापेक्षां काव्याची उमर मोठी, हाच त्याचा अर्थ समजावा.

अशीं घराणीं दक्षिणेंत शेंकडों होतीं. १८१८ मध्यें पुण्याचें राज्य गेलें, तेव्हां त्यांच्या मुलानातवंडांनीं काय करावें हा प्रश्न उत्पन्न झाला. घोडा गेला, फड गेला, वसुलाचीं कागदपत्रें कलेक्टरच्या कचेरींत गेलीं. इंग्रजांनीं सरदारांच्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या याद्या केल्या, पुण्यास त्यांच्यासाठीं एक एजंट ठेविला, आणि दरबारांत खुर्चीचा क्रम ठरवून दिला. पूर्वी ज्या घरांतून मसलत चाले त्या घरांत आतां खुर्ची पुढें आहे कीं मागें याची चर्चा होऊं लागली. पुढें १८६२ मध्यें मुंबईचें कायदे-कौंसिल सुरू झालें, तेव्हां सरकारनें नेमलेल्या पहिल्या एतद्देशीय सभासदांत जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे मुंबईचे सेठ होते, तसे विंचूरचे सरदार माधवराव विठ्ठलही होते. राज्य गेलेल्या घराण्यांस राज्यकारभारांत मिळालेली ही पहिली जागा.

याच कौंसिलांत १८८० सालीं गोपाळ हरि देशमुख यांची नेमणूक झाली. मराठी वाचकवर्ग त्यांस लोकहितवादी या नांवानें ओळखतो आणि त्यांच्या शतपत्रांवर वाद घालतो. त्यांच्या कौंसिलच्या जागेविषयीं मात्र कोणी फारसें बोलत नाहीं; चरित्रकार एका ओळींत ती सांगून पुढें जातात. परंतु ज्या माणसानें पंचविशीच्या वयांत हिंदुस्थानास पार्लमेंट पाहिजे असें लिहिलें, त्याला सत्तावन्नाव्या वर्षीं सरकारनें एका सभेंत बसविलें. त्यानें मागितलें काय आणि मिळालें काय हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

गोपाळरावांचा जन्म पुण्यास १८ फेब्रुवारी १८२३ रोजीं झाला. मूळ आडनांव सिद्धये. घराण्यांत देशमुखीचें वतन आल्यामुळें देशमुख. वडील हरिपंत हे दुसऱ्या बाजीरावांचे सेनापति बापू गोखले यांच्या पदरीं होते व त्यांच्या पैशाचा कारभार पाहत. बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्यें आष्टीच्या लढाईंत पडले. धनी रणांत पडल्यावर कारकुनाच्या घरीं काय उरतें? हिशेबाचें ज्ञान, मोडी अक्षर, जुन्या गोष्टी आणि हा सगळा डोलारा इतक्या लवकर कसा कोसळला हा प्रश्न. गोपाळराव या प्रश्नाच्या छायेंत वाढले. मराठी राज्य बुडविणाऱ्यांचा त्यांस जेवढा राग आला नाहीं तेवढा तें बुडूं देणाऱ्यांचा आला; त्यांच्या लेखनांतली जी कडू चव पुष्कळांस सोसत नाहीं तिचें मूळ, आमच्या मतें, या घरगुती इतिहासांत आहे.

पुण्याच्या सरकारी इंग्रजी शाळेंत शिकून विशीच्या आंतबाहेर ते दक्षिणेंतील सरदारांच्या एजंटाच्या कचेरींत भाषांतरकार झाले. या नोकरीचें महत्त्व चरित्रकारांनीं ओळखलेलें दिसत नाहीं. ज्या घराण्यांचा दरारा वडिलांच्या तोंडून ऐकला, त्यांच्याच वंशजांच्या अर्ज्या, कज्जे, कर्जें आणि दत्तकांच्या विनवण्या हा तरुण दिवसभर इंग्रजींत उतरवीत बसे. पडलेल्या राज्याचें शवविच्छेदन पाहण्यास याहून चांगली जागा मिळती ना.

भाऊ महाजन यांच्या मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रांत १८४८ पासून १८५० पर्यंत या तरुणानें ‘लोकहितवादी’ या सहीनें शंभरावर आठ पत्रें लिहिलीं. जातिभेद, विधवांची स्थिति, भिक्षुकी, सरदारांचा आळस, व्यापाराकडे पाठ, असे नाना विषय त्यांत आले आहेत. आपणांस येथें प्रयोजन आहे तें राजकीय भागाचें. इंग्रजी राज्य ही आपल्याला मिळालेली एक शाळा आहे, तींत शिकून घ्यावें, हें त्यांचें म्हणणें सर्वांस ठाऊक आहे, आणि त्याबद्दल त्यांस राजनिष्ठेचा टिळाही लाविला जातो. परंतु त्याच पत्रांत दोन गोष्टी आणखी आहेत. एक, येथील लोकांची पार्लमेंट येथें बसावी आणि तिच्याकडून राज्यकारभार व्हावा अशी मागणी. दुसरी, लोक शहाणे झाले म्हणजे बरोबरीचे हक्क मागतील, आणि ते न मिळतां जुलूम वाढला तर अमेरिकेंत जें झालें तें येथें होईल, हें भाकीत. शाळा मान्य, पण शाळा सोडण्याचा दिवसही त्यांनीं पंचविशींतच मनांत धरिला होता.

या मागणीचें धाडस समजण्यास त्या वेळची व्यवस्था ध्यानांत घेतली पाहिजे. १८३३ च्या सनदेनें मुंबई इलाख्याचा स्वतःचे कायदे करण्याचा अधिकारच काढून घेतला होता. सर्व कायदे कलकत्त्यास होत. अर्थात् १८४८ मध्यें मुंबईच्या गव्हर्नरालाही जो अधिकार नव्हता तो हा पुण्याचा भाषांतरकार आपल्या लोकांसाठीं मागत होता.

अमेरिकेचा दाखला लोकहितवादींनीं स्वतःच दिला, तेव्हां त्याच काळीं तेथें एका राजकारणी घराण्यांतला मनुष्य काय करीत होता तें पाहिलें तर विषयांतर होणार नाहीं. मासाच्युसेट्स संस्थानांतील अ‍ॅडम्स घराण्यानें अमेरिकेस दोन अध्यक्ष दिले. दुसऱ्या अध्यक्षाचा, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सचा, मुलगा चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स हा १८०७ सालीं जन्मला. बाप आणि आजा दोघेही राष्ट्राध्यक्ष, तरी त्याला आरंभ करावा लागला तो आपल्या संस्थानाच्या कायदेमंडळांत आणि तेंही मतें मिळवून. १८४१ पासून तीन वर्षें तो खालच्या सभागृहांत व पुढें दोन वर्षें वरच्या सभागृहांत बसला. या काळांत लॅटिमर नांवाच्या पळून आलेल्या गुलामास बोस्टन शहरांत पकडण्यांत आलें. त्यावरून लोकांनीं कायदेमंडळाकडे अर्ज केला. त्यावर साठ हजारांहून अधिक सह्या होत्या. तो अर्ज ज्या समितीपुढें गेला तिचा प्रमुख हा अ‍ॅडम्स होता, आणि १८४३ मध्यें कायदा झाला कीं, पळालेल्या गुलामास पकडण्याच्या कामीं संस्थानाच्या अंमलदारांनीं हात लावूं नये व संस्थानाचे तुरुंग वापरूं देऊं नयेत. १८४८ सालीं, म्हणजे लोकहितवादींचें पहिलें पत्र छापलें त्याच वर्षीं, गुलामगिरीच्या प्रसारास विरोध करणाऱ्या नव्या पक्षातर्फें तो उपाध्यक्षाच्या जागेसाठीं उभा राहिला आणि पडला.

घराणें तेथेंही होतें. बापाच्या नांवाचा उपयोगही झाला असेल. परंतु अर्ज लोकांचा, मत लोकांचें, आणि पराभवही लोकांच्या हातून झालेला. आमच्याकडील घराण्यांच्या मुलांस पराभूत होण्याचीसुद्धां सोय नव्हती. गव्हर्नरानें बोलाविलें तर जावें, न बोलाविलें तर घरीं बसावें.

गोपाळराव घरीं बसले नाहींत. ते नोकरींत वर चढत गेले. १८५२ मध्यें वाईस मुनसफ झाले. पुढें इनाम कमिशनांत असिस्टंट कमिशनरचें काम त्यांच्याकडे आलें. हें कमिशन दक्षिणेंत किती अप्रिय होतें हें जुन्या घरांतील मंडळींस सांगावयास नको. सनदा दाखवा, नाहीं तर इनाम खालसा, असा त्याचा खाक्या होता. देशमुखीच्या घरांत जन्मलेल्या माणसानें इतरांच्या वतनांचे कागद तपासावे, यांत दैवाची थट्टा आहे. पण दुसरी बाजूही आहे. गांवोगांवचीं दप्तरें, बलुत्यांचे हक्क, पाटील-कुळकर्ण्यांचे तंटे हीं त्यांच्या हाताखालून गेलीं, आणि त्या पिढींतल्या फार थोड्या इंग्रजी शिकलेल्या माणसांस गांव इतक्या जवळून दिसला असेल. १८६७ मध्यें ते अहमदाबादेस स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झाले. तेथें गुजराती शिकून त्या लोकांत ते इतके मिसळले कीं प्रार्थनासमाज, पुनर्विवाहाची चळवळ, वर्तमानपत्र, सर्व ठिकाणीं त्यांचा हात लागला. १८७७ मध्यें त्यांस रावबहादूर ही पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या आरंभीं दिल्लीच्या दरबारांत सार्वजनिक काका जाडीभरडी खादी नेसून गेले होते. नाशिकास जज्जाचें काम करून १८७९ मध्यें गोपाळरावांनीं पेन्शन घेतली.

आतां थोडें आमच्या तालुक्याकडे वळावें लागेल, कारण गोपाळराव कौंसिलांत गेले तो काळ भीमथडीच्या कायद्याचा काळ होता. बारामती आणि सुपें हीं तेव्हां भीमथडी तालुक्यांत मोडत. शेजारच्या इंदापुरांत १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं जमीन मोजून सारा बांधण्याची जी पद्धत घातली तीच पुढें सर्व इलाख्यांत गेली. तेव्हां मुंबईच्या सारापद्धतीचा पाळणा आमच्या शेजारच्या काळ्या रानांत हालला असें म्हणण्यास हरकत नाहीं. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६६-६७ च्या सुमारास इंदापुरचा सारा वाढला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें चढलेला कापसाचा भाव त्याच वेळीं उतरूं लागला. सारा चढलेला आणि भाव पडलेला, मध्यें कुणबी आणि त्याच्या उरावर सावकाराचें खत. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारच्या दिवशीं लोकांनीं सावकारांच्या घरांवर हल्ला करून खतें जाळलीं, आणि पुणें-नगरच्या गांवांत तो वणवा पसरला. सरकारनें चौकशीचें कमिशन नेमलें, आणि ऑक्टोबर १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला.

तो कोठें झाला? गव्हर्नर जनरलच्या कौंसिलांत. सुप्याच्या खतांविषयींचा निकाल तेथें झाला, आणि त्यांत सुप्याचा, बारामतीचा, जळोचीचा किंवा इंदापुरचा ज्यास आपला म्हणतां येईल असा एकही मनुष्य नव्हता. कायदा वाईट होता असें नाहीं. कुणब्यास कर्जापायीं कैद करूं नये, न्यायाधीशानें खताच्या मागें जाऊन मुद्दल किती व व्याज किती हें पाहावें, गांवांत मुनसफ नेमावे, तंटा कोर्टांत जाण्यापूर्वी सलोख्याचा प्रयत्न व्हावा, हे त्यांतले विचार चांगलेच होते. पण ज्यांच्यासाठीं तो केला त्यांनीं तो मागितला होता दगड फेकून आणि खतें जाळून. कारण मागण्याची दुसरी रीत त्यांच्या हातीं नव्हती. बोस्टनच्या साठ हजार सह्या आणि सुप्याची होळी, दोन्ही अर्जच. एक कायदेमंडळाच्या टेबलावर जाऊं शकला, दुसऱ्याचा मार्ग पोलिसाच्या डायरींतून गेला.

पुढच्याच वर्षीं गोपाळराव मुंबईच्या कौंसिलांत आले. हें कौंसिल १८६१ च्या कायद्यान्वयें बनलें होतें. गव्हर्नर, त्याचे नेहमींचे मंत्री, अ‍ॅडव्होकेट-जनरल, आणि कायदे करण्यापुरते जोडून घेतलेले चार ते आठ सभासद. या जोडलेल्यांपैकीं निदान निम्मे बिनसरकारी असावे. मुदत दोन वर्षांची, नेमणूक गव्हर्नराच्या मर्जीची. सभासदानें प्रश्न विचारावयाचा नाहीं. जमाखर्चावर बोलावयाचें नाहीं. समोर ठेवलेल्या मसुद्याखेरीज दुसरा विषय काढावयाचा नाहीं. काम सारें इंग्रजींत. येथें कायदा संमत झाला तरी गव्हर्नर जनरलनें मान डोलविल्याशिवाय तो कायदा नव्हे. बत्तीस वर्षांपूर्वीं ज्या पार्लमेंटचें चित्र ‘प्रभाकर’ पत्रांत काढलें होतें त्याची ही सरकारी नक्कल पाहून गोपाळरावांस काय वाटलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

त्यांची निवड झाली ती कोणत्या गुणांवर? पेन्शनर न्यायाधीश, रावबहादूर, कायदे जाणणारे, सरकारचे विश्वासू, आणि पुण्याच्या जुन्या घराण्यांतले, हीं सारीं कारणें उघड आहेत. शतपत्रें लिहिलीं म्हणून कोणी त्यांस बोलाविलें नाहीं. उलट त्या पत्रांतली पार्लमेंटची गोष्ट सरकारास आठवत असती तर बोलावणें आलें असतें कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे. त्याच काळीं रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक १८७४ पासून कौंसिलांत होते. मंडलिक हे नेटिव्ह ओपिनियनचे संस्थापक, हायकोर्टाचे वकील. नोकरी सोडून स्वतंत्र धंदा केलेला मनुष्य. सरकारी मतास अडविणें त्यांस सोपें जाई. गोपाळरावांनीं जन्मभर सरकारचा पगार खाल्लेला. पेन्शन खाणारा मनुष्य भित्राच असतो असें नव्हे, पण पस्तीस वर्षें वरिष्ठांस रिपोर्ट लिहिण्याची संवय दोन वर्षांच्या सभासदत्वानें मोडत नाहीं. लोकहितवादींचे भक्त आमच्यावर रागावतील. तथापि कौंसिलच्या इतिहासांत त्यांचें नांव मंडलिकांच्या किंवा पुढें आलेल्या तेलंग-रानड्यांच्या पंक्तीस बसत नाहीं हें मान्य केलें पाहिजे.

परंतु यावरून ते मागणी विसरले असें म्हणणें अन्यायाचें होईल. हिंदुस्थानास दारिद्र्य कां आलें यावर १८७६ मध्यें, म्हणजे नोकरींत असतांनाच, त्यांनीं पुस्तक लिहिलें. ज्यानें १८४९ मध्यें ‘लक्ष्मीज्ञान’ लिहून मराठींत अर्थशास्त्र आणलें त्यास सुप्याची होळी नुसती दंगल म्हणून दिसणें शक्यच नव्हतें. आणि कौंसिलची मुदत १८८२ मध्यें संपल्यावर त्यांनीं काय हातीं घेतलें तें पाहण्यासारखें आहे. त्याच वर्षीं लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव निघाला. गोपाळरावांनीं १८८३ मध्यें दोन पुस्तकें लिहिलीं. एक स्थानिक स्वराज्याच्या व्यवस्थेवर, दुसरें ‘ग्रामरचना’. गांवची घडण कशी होती, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार यांचीं कामें कोणतीं, आणि आतां त्यांची काय स्थिति झाली, हा त्या दुसऱ्याचा विषय. मुंबईच्या दिवाणखान्यांतून उठून साठीचा म्हातारा चावडीवर येऊन बसला, असें आम्हांस तें पुस्तक हातीं घेतांना वाटतें. इनाम कमिशनांत पाहिलेलीं दप्तरें या वेळीं त्यांच्या उपयोगी पडलीं असतील. वरून नेमलेल्या सभेंत लोक नाहींत, तर लोक जेथें आहेत तेथूनच सभा बांधावी, असा त्यांच्या मनाचा ओढा झाला होता, असा आमचा तर्क आहे.

पुढें ते कांहीं काळ रतलाम संस्थानचे दिवाण होते. ९ ऑक्टोबर १८९२ रोजीं ते वारले. त्याच वर्षाच्या जूनमध्यें विलायतेच्या पार्लमेंटांत कौंसिलांचा नवा कायदा झाला. त्यानें सभासदांस प्रश्न विचारण्याचा व जमाखर्चावर बोलण्याचा अधिकार दिला, आणि म्युनिसिपालिट्या, लोकल बोर्डें वगैरेंनीं सुचविलेले सभासद घेण्याची वाट उघडली. निवडणूक हा शब्द त्यांतही टाळला होता. तरी १८९५ मध्यें मध्य भागाच्या लोकल बोर्डांच्या मतांवर टिळक मुंबईच्या कौंसिलांत गेले. ज्या लोकल बोर्डांची कड लोकहितवादींनीं आपल्या १८८३ च्या पुस्तकांत घेतली, त्यांच्या खांद्यावरूनच ही पहिली पायरी चढली गेली.

भीमथडीच्या कुणब्यास मात्र त्या बोर्डांतही आपला मनुष्य दिसावयास आणखी पुष्कळ वर्षें लागलीं. मताचा अधिकार सारा भरण्याच्या ऐपतीवर होता, आणि ऐपत त्याच खतांत अडकलेली. १९३८ मध्यें पुणें जिल्हा लोकल बोर्डावर याच तालुक्यांतील काटेवाडीच्या शारदाबाई पवार निवडून आल्या. त्यांचे चिरंजीव शरद पवार १९६७ मध्यें बारामतीहून महाराष्ट्राच्या विधानसभेवर गेले, आणि कऱ्हेच्या कांठीं नाइकांच्या नंतर पुन्हां एक राजकारणी घराणें उभें राहिलें. या वेळीं तें मतांच्या पेटींतून आलें. सुप्याचा बाजार आजही भरतो.